‘मतदान करा’ ही बातमी नव्हे

प्रश्न: विधानसभेच्या वेळी आमच्या नागरिक मंचाने मतदार जागृतीची सहा पत्रकं दैनिकांना पाठवली. एकच छापून आलं, तेही ‘संक्षिप्त’मध्ये दोन ओळींत. नमुना सोबत जोडला आहे. काय चुकलं? (सातारा)

उत्तर: नमुन्याची सुरुवात ‘मतदान हा पवित्र हक्क असून तो सर्वांनी बजावावा, असे आवाहन मंचाच्या वतीने करण्यात आले आहे’ अशी आहे आणि खाली अकरा पदाधिकाऱ्यांची नावं. उपसंपादकाने यातून मथळा काढायचा कसा? दोन ओळी लागल्या हेच खूप. पत्रकात एक तारीख, एक ठिकाण आणि वाचकाने करायची एक गोष्ट हवी. ‘पत्ता बदललाय? नमुना ८ भरण्यासाठी शनिवारपर्यंतच मुदत’ हे छापून येतं, कारण वाचलं नाही तर वाचकाचं नुकसान होतं.

मजकूर दीडशे-दोनशे शब्दांचा, युनिकोडमध्ये, थेट ईमेलमध्येच टाका. लेटरहेडचा फोटो किंवा पीडीएफ पाठवलं, तर कोणीतरी ते पुन्हा टाइप करणार, म्हणजे बहुधा कोणीच नाही. अनेक ठिकाणी पानं अजून जुन्या फॉन्टमध्ये लागतात आणि कन्व्हर्ट करताना ‘ऱ्या’सारखी जोडाक्षरं फुटतात. ती दिसतात तरी. चुकलेला आकडा दिसत नाही. म्हणून तारखेबरोबर वारही लिहा. दोन्ही जुळले नाहीत, की डेस्कवर शंका येते आणि फोन येतो. तो उचलणाऱ्या एकाच माणसाचा नंबर खाली द्या. पत्रक दुपारपर्यंत पोचवा. संध्याकाळनंतर सभांच्या बातम्यांपुढे तुमचा नंबर लागणार नाही. मुख्य कार्यालयाआधी तालुक्याच्या वार्ताहराला गाठा. त्याला रोज स्थानिक बातमी द्यावीच लागते.

प्रश्न: मोहीम कधी सुरू करावी? निवडणूक जाहीर झाल्यावर वातावरण तापतं, तेव्हा? (लातूर)

उत्तर: तेव्हा उशीर झालेला असतो. २०२४ची विधानसभा निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती आणि नावनोंदणीचे अर्ज १९ पर्यंतच घेतले गेले. हातात उरले चार दिवस. नावनोंदणी उमेदवारी अर्जाच्या मुदतीच्या दहा दिवस आधीच का थांबते, तेही वाचकांना सांगा: प्रत्येक अर्जावर हरकतीसाठी सात दिवस ठेवावे लागतात आणि उमेदवारी अर्जाची मुदत संपली, की यादी कायद्यानेच गोठते.

तेव्हा नोंदणीचा विषय दोन-तीन महिने आधीच घ्या. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार अर्हता तारखा (त्या दिवशी १८ वर्षं पूर्ण असली, की नाव नोंदवता येतं) आयत्याच चार बातम्या देतात. माघारीनंतर उमेदवारांची शपथपत्रं घ्या. शेवटच्या आठवड्यात फक्त केंद्र आणि ओळखपत्र. मतदार चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही, ही गोष्ट दरवेळी नव्याने सांगावी लागते. २०१९पासून ती एकटी चालत नाही. मतदार ओळखपत्र किंवा आयोगाने ठरवलेल्या पर्यायी कागदांपैकी एक सोबत लागतो.

प्रश्न: शपथपत्रांवरून उमेदवारांचा तक्ता केला, पण दैनिकाने ‘कायदेशीर अडचण’ म्हणून परत केला. (नागपूर)

उत्तर: तुमच्या तक्त्यातल्या रकान्याचं नाव ‘गुन्हेगार उमेदवार’ आहे. ते पाहून कोणीही परत करेल. नमुना २६ मध्ये, म्हणजे उमेदवाराच्या शपथपत्रात, प्रलंबित खटले आणि झालेली शिक्षा वेगवेगळी दिलेली असते. तुमचेही रकाने दोनच ठेवा आणि शब्द शपथपत्रातलेच वापरा. उमेदवाराने शपथपत्र पुन्हा दाखल केलं असेल, तर शेवटचं धरा. क्रम मतपत्रिकेचाच असू द्या: मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, मग अपक्ष. ‘चर्चेतले पाच’ असा शॉर्टकट घेतलात, तर वगळलेला पहिला अपक्ष दुपारपर्यंत तक्रार घेऊन हजर. खटले असलेल्या उमेदवारांनी स्वतःही ते प्रचारकाळात तीन वेळा वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर जाहीर करायचे असतात: माघारीनंतरच्या पहिल्या चार दिवसांत, पाचव्या ते आठव्या दिवसात आणि नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत. ते आलं की नाही, यावर लक्ष ठेवणं ही स्वतंत्र बातमी आहे आणि ती फारसं कोणी करत नाही.

प्रश्न: शेवटच्या ४८ तासांत स्थानिक केबलवर आमचा कार्यक्रम चालेल का? (जळगाव)

उत्तर: केंद्र कुठे, वेळ काय, ओळखपत्र कोणतं, एवढंच असेल तर चालेल. उमेदवारांची तुलना मात्र त्या आधीच दाखवून मोकळे व्हा, कारण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार या काळात निकालावर परिणाम करू शकणारा मजकूर टीव्हीवर दाखवता येत नाही. मतदानाच्या दिवशीच्या किंवा आदल्या दिवशीच्या छापील जाहिरातीबद्दल शंका असेल, तर जाहिराती आधी तपासून मंजूर करणाऱ्या जिल्हा माध्यम प्रमाणन समितीला आधीच विचारा. पक्ष किंवा उमेदवार नसलेल्यांनी वाहिनीवरच्या जाहिरातीसाठी सात दिवस आधी अर्ज करायचा असतो. आदल्या दिवशी धावपळ करून काही होत नाही. हँडबिलावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापा. तटस्थ मजकुराला ही सक्ती करणारं कलम १२७-अ लागू होत नाही असं म्हणता येईल, पण प्रेसवाला वाद घालत बसत नाही, काम नाकारतो.

प्रश्न: महापालिकेलाही हेच सगळं चालेल ना? (नाशिक)

उत्तर: नाही. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. यादी विधानसभेचीच असते, पण एका ठरावीक तारखेची. त्यानंतर नोंदलेलं नाव प्रभागाच्या यादीत येत नाही. ती तारीख कळली, की पहिलं पत्रक तिचंच. दुसरं पत्रक मतदानयंत्राचं काढा. बहुसदस्यीय प्रभागात जितक्या जागा तितकी मतं द्यायची असतात आणि ‘नोटा’ प्रत्येक जागेला वेगळा असतो. लोक एक बटण दाबून निघतात, मग केंद्राध्यक्ष त्यांना परत बोलावतात आणि मागे रांग थांबते. म्हणून प्रभागातल्या सगळ्या जागांच्या कोऱ्या मतपत्रिकांचं चित्र द्या. उमेदवाराचं नाव किंवा चिन्ह त्यात चुकूनही नको.