स्पर्धेच्या मधोमध रिव्हॉल्व्हर अडकलं तर नेमबाज काय करतो? दुरुस्ती जागेवर होते का?

टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलेलं पाहिल्यापासून हा प्रश्न मनात आहे, असं तुम्ही लिहिलंय. पिस्तूल अडकतं पण रिव्हॉल्व्हर कधीच अडकत नाही, असं तुम्हाला सगळ्यांनी सांगितलंय, आणि ते खरं का हे तुम्हाला हवंय.

मी मूळची कोल्हापूरची, आता ओहायोत राहते. गेली नऊ वर्षं इथे यूएसपीएसए या अमेरिकेतल्या प्रॅक्टिकल (वेळेवर गुण ठरणाऱ्या) नेमबाजीच्या संघटनेच्या क्लब सामन्यांत रिव्हॉल्व्हर गटात खेळते. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळे आटे, टॉलरन्स, कानस हे शब्द कानावर लहानपणापासून आहेत. रिव्हॉल्व्हरकडे मी वळले तेही यंत्र म्हणून.

रिव्हॉल्व्हर अडकतं. पिस्तुलापेक्षा कमी वेळा, पण अडकतं तेव्हा जास्त वाईट अडकतं. पिस्तुलात काडतूस फसलं तर मॅगझिनच्या बुडाला थाप मारायची, स्लाइड मागे ओढून सोडायची आणि दोन सेकंदांत पुन्हा नेम धरायचा. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी उडाली नाही तर त्याहून सोपं. पुन्हा ट्रिगर ओढला की सिलिंडर, म्हणजे काडतुसं ठेवायची गोल चकरी, फिरतो आणि पुढचं काडतूस समोर येतं. पण सिलिंडर फिरेनासा झाला किंवा उघडेनासा झाला, तर नुसत्या हातांनी करण्यासारखं फारसं काही उरत नाही.

त्यात आमच्या प्रकारात घड्याळ थांबत नाही. ऑलिंपिकच्या २५ मीटर प्रकारात शस्त्र अडकलं तर खेळाडू नळी निशाणाकडेच ठेवून हात वर करतो, अधिकारी येऊन तपासतो, आणि दोष खेळाडूचा नसेल तर ती मालिका पुन्हा मारता किंवा पूर्ण करता येते. आमच्याकडे तसं नाही. बिघाड तुमचा, वेळही तुमचा. दोन मिनिटांत सुटलं नाही तर नळी गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाकडे ठेवून रेंज ऑफिसरला, म्हणजे फेरीवर देखरेख करणाऱ्याला, सांगायचं. मग ती फेरी तिथेच संपते, पुन्हा मारायला मिळत नाही. न मारलेल्या निशाणांचे गुण वजा होतात. भरलेलं शस्त्र घेऊन जागा सोडायची नाही, मग कितीही वेळ लागो. हा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

माझ्या बाबतीत हे चौथ्या वर्षी झालं. माझं रिव्हॉल्व्हर आठ गोळ्यांचं आहे. लांबलचक फेरी होती, बत्तीस गोळ्यांची, म्हणजे मधे तीनदा भरायचं. दुसऱ्यांदा भरून आठ गोळ्या मारल्या, अंगठ्याने खटका दाबला, डाव्या हाताने सिलिंडर ढकलला. हलेना. पुन्हा ढकलला. मग तळहाताने एक फटका मारला. ही चूक होती. ज्या आडव्या हातावर सिलिंडर बाहेर झुलतो तो अशा फटक्यांनी वाकू शकतो, आणि तो वाकला की दोन मिनिटांचा प्रश्न दोन महिन्यांचा होतो. दुसरा फटका मारायला हात उचलला तेव्हा वडिलांचं लेथवरचं बोलणं आठवलं, ‘आधी बघ, मग पाना उचल.’ मी थांबले आणि ऑफिसरला सांगितलं. त्या फेरीत मला शून्य गुण मिळाले.

झालं होतं असं. सिलिंडरच्या पोटातून एक दांडा पुढे येतो. तो मागे दाबला की रिकाम्या पुंगळ्या बाहेर पडतात. त्याला इजेक्टर रॉड म्हणतात. बऱ्याच रिव्हॉल्व्हरमध्ये या दांड्याचं पुढचं टोक नळीखालच्या एका स्प्रिंगवाल्या खिळीत अडकतं आणि सिलिंडर पुढून बंद राहतो. अंगठ्याने खटका दाबला की दांड्याच्या आतली बारीक पिन पुढे सरकते, त्या खिळीला बाहेर ढकलते आणि सिलिंडर मोकळा होतो. दांडा आट्यांवर बसवलेला असतो. ते आटे सैल झाले की दांडा पुढे येतो, लांब होतो, आणि आतली पिन खिळीपर्यंत पुरेशी पोचतच नाही. बाहेरून काहीच दिसत नाही. सगळं जागच्या जागी असतं, फक्त दार उघडत नाही.

गंमत म्हणजे हा दोष फार जुना आहे. स्मिथ अँड वेसनचा सिलिंडर मागून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, आणि पूर्वी त्या दांड्याचे आटे सरळ असल्याने फिरता फिरता ते सैल व्हायचे. म्हणून १९६० च्या सुमारास त्यांनी आटे उलटे केले. सायकलच्या डाव्या पॅडलला जसे उलटे आटे असतात ना, अगदी त्याच कारणाने. हे माहीत नसलेला माणूस नेहमीच्या दिशेने दांडा ‘आवळायला’ जातो आणि तो आणखी सोडवून बसतो. उलटे आटे असूनही हजारो हिसक्यांनी दांडा सुटू शकतो. माझा सुटला, कारण वर्षभरात मी तो एकदाही तपासला नव्हता.

आमच्या गटातल्या एका वयस्कर नेमबाजाच्या गाडीत फीलर गेज होता, टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तोच पात्यांचा जुडगा. ऑफिसर शेजारी उभा, नळी बांधाकडे, माझं बोट ट्रिगरपासून लांब. काकांनी सगळ्यांत पातळ पात्यांपैकी एक दांडा आणि खिळी यांच्यामध्ये सरकवलं, खिळी पुढे ढकलली, मी त्याच वेळी खटका दाबून सिलिंडर हलकेच ढकलला. उघडला. आठही पुंगळ्या रिकाम्या होत्या, पण ते उघडेपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून आम्ही सगळे भरलेलं समजूनच वागलो.

घरी आल्यावरची दुरुस्ती पंधरा मिनिटांची होती, पण तिथेही नुकसान करायला वाव असतो. दांडा आवळताना सिलिंडरमध्ये दोन-चार रिकाम्या पुंगळ्या घालाव्यात. नाहीतर सगळा पीळ पुंगळ्या ओढणाऱ्या चांदणीवर आणि तिच्या बारीक पिनांवर येतो. दांड्याला उघड्या पकडीने धरू नये, चामड्याची किंवा तांब्याची पट्टी मधे हवी. आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे सुटू न देणाऱ्या द्रवाचा) एकच थेंब पुरतो. नंतर सिलिंडर उघडा ठेवून फिरवायचा आणि दांड्याच्या टोकाकडे बघायचं. टोक थरथरताना दिसलं तर दांडा वाकलाय, आणि मग सिलिंडरच्या काही घरांवर (एकेक काडतूस बसतं त्या भोकांवर) ट्रिगर जड लागतो, काहींवर हलका.

आता जो बिघाड मी सर्वांत जास्त वेळा पाहिलाय तो. ट्रिगर ओढला, टक् आवाज आला, गोळी उडाली नाही. याचं मूळ बहुतेकदा आमच्याच हौसेत असतं. कारखान्यातून येणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा डबल ॲक्शन ट्रिगर (एकाच ओढीत हॅमर मागे नेऊन सोडणारा) साधारण बारा पौंडांचा, म्हणजे साडेपाच किलोंच्या आसपास असतो. स्पर्धेत तो सहा ते आठ पौंडांवर आणतात. त्यासाठी हॅमरची, म्हणजे घाव घालणाऱ्या हातोड्याची, स्प्रिंग मऊ करतात. स्प्रिंग जितकी मऊ, तितका हॅमरचा घाव हलका, आणि एका टप्प्यानंतर तो प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली, पेटवायला अपुरा पडतो. म्हणून स्पर्धेतले रिव्हॉल्व्हरवाले फेडरल कंपनीचे प्रायमर शोधत फिरतात. ते सगळ्यांत मऊ म्हणून ओळखले जातात.

मीही पहिल्या वर्षी हेच केलं. रिव्हॉल्व्हरच्या मुठीत हॅमरची पट्टीची स्प्रिंग असते आणि तिला दाब देणारा एक स्क्रू असतो. तो थोडा सोडला की ट्रिगर लगेच हलका. पण अर्धवट सोडलेला स्क्रू हिसक्यांनी आणखी सुटत जातो. सकाळी चाललेलं रिव्हॉल्व्हर दुपारी दर पाचव्या गोळीला टक् करायला लागलं. स्प्रिंग हलकी हवी तर हलकी स्प्रिंग बसवा, पण तो स्क्रू पूर्ण आवळलेलाच ठेवा. यावर माझं मत ठाम आहे.

पण ‘गोळी उडत नाही’ एवढ्यावर स्प्रिंगला दोष देऊ नये. खुणा वाचाव्यात. न उडालेल्या गोळ्या वेगवेगळ्या घरांत विखुरल्या असतील आणि प्रायमरवरचे खड्डे सगळे उथळ असतील, तर घाव कमी पडतोय. खड्डे खोल आहेत पण मध्यापासून सरकलेले, तर सिलिंडर नळीसमोर बरोबर येऊन थांबत नाहीये. तीच गोळी दुसऱ्या घावाला उडते? मग बहुधा प्रायमर पूर्ण बसलेला नव्हता, पहिल्या घावाने तो फक्त आत बसला. स्वतः काडतुसं भरणाऱ्यांच्या बाबतीत हे फार होतं. तयार काडतूस सपाट काचेवर उभं करून पाहावं. ते डुगडुगलं तर प्रायमर वर आलाय. असा प्रायमर मागच्या पोलादाला घासून सिलिंडरही जाम करू शकतो. चौथी शक्यता म्हणजे सिलिंडर पुढे-मागे हलतोय. घाव बसताना तो पुढे सरकतो आणि घावाचा जोर खाऊन टाकतो. त्यावर ०.००२ इंच जाडीच्या वॉशर मिळतात, पण किती घालायच्या ते मोजल्याशिवाय हात घालू नये.

सिलिंडर वेळेवर जागी येतो का, ते घरी तपासता येतं. रिव्हॉल्व्हर रिकामं, दोनदा पाहून रिकामं. मग सिलिंडरला बोटाने अगदी हलका अडथळा देत हॅमर सावकाश मागे ओढायचा. हॅमर पूर्ण मागे जाण्याआधी सिलिंडर खाचेत बसल्याचा बारीक आवाज आला पाहिजे. प्रत्येक घराला हे करायचं. एखाद्या घराला आवाज उशिरा आला तर सिलिंडर फिरवणारा पंजा झिजलाय. तो बदलणं मात्र बंदुका दुरुस्त करणाऱ्या जाणकाराचं काम आहे. एक कानस जास्त फिरली तर नवा भाग भंगारात जातो.

चांदणीखाली न जळलेले दारूचे दाणे अडकले तरी ट्रिगर दगडासारखा होतो. पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे केली की दाणे खाली पडतात, आणि फेरीनंतर जुन्या टूथब्रशने दोन फटके मारले की काम झालं. वाकलेली मून क्लिपही तसाच त्रास देते. गोळ्या एकत्र धरणारी ती चकती इतकी पातळ असते की खिशात दबूनसुद्धा वाकते. जेरी मिकुलेक या अमेरिकन रिव्हॉल्व्हर नेमबाजाने १९९९ मध्ये सहा गोळ्या, पुन्हा भरणं आणि आणखी सहा गोळ्या हे सगळं २.९९ सेकंदांत केलं होतं. एक वाकडी चकती असती तर तो विक्रम झाला नसता. मी सामन्याच्या आदल्या रात्री प्रत्येक खाचेत रिकाम्या पुंगळ्या लावून प्रत्येक चकती सिलिंडरमध्ये फिरवून बघते, आणि घासणारी चकती फेकून देते. सरळ करत बसत नाही.

एका बिघाडात मात्र पुन्हा ट्रिगर ओढायचाच नाही. आवाज नेहमीसारखा न येता फुस्स आला, हातात हिसका बसला नाही, तर थांबा. काडतुसात दारू कमी किंवा अजिबात नसेल तर गोळी नळीतच अडकलेली असते, आणि मागून दुसरी गोळी आली की नळी फुगते किंवा फाटते, हाताला इजा होते. रेंज ऑफिसरही असा आवाज आला की ‘स्टॉप’ ओरडतो. इथे गुणांचा विचार मनात येऊच देऊ नका. सरावात नुसतं टक् झालं तरी मी निदान अर्धा मिनिट नळी निशाणाकडे धरून ठेवते, कारण क्वचित प्रायमर उशिरा पेटतो.

जागेवरच्या दुरुस्तीबद्दल विचारलंत, तर माझ्या पिशवीत फीलर गेज, बरोबर मापाचे स्क्रू ड्रायव्हर, ब्रश, तेलाची बाटली, जास्तीची फायरिंग पिन आणि दोन स्प्रिंग असतात. दोन फेऱ्यांच्या मधे सेफ एरियात, जिथे काडतुसाला हातही लावायचा नाही, एवढ्यावर बरंच निभावतं. कानस आणि पॉलिश पेपर मी मुद्दाम घरी ठेवते. सामन्याच्या घाईत धातू कापायचा नाही.

तुम्ही महाराष्ट्रात आहात, म्हणून एक गोष्ट वेगळी. भारतात शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. त्यामुळे वर सांगितलेल्यातलं साफसफाई आणि तपासणी तुम्ही करा, उघडण्याचं काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्या. पण त्याच्याकडे जाताना ‘चालत नाही’ एवढंच सांगू नका. सिलिंडरच्या घरांना मार्करने क्रमांक टाका आणि कागदावर लिहून न्या की कुठल्या क्रमांकाच्या घरात अडलं, कितव्या गोळीला, दुसऱ्या घावाला उडाली का, काडतुसं कुठली होती, सकाळपासून किती गोळ्या मारून झाल्या होत्या. न उडालेल्या काडतुसांच्या प्रायमरचे जवळून काढलेले फोटो सोबत ठेवा. माझं रिव्हॉल्व्हर पंजा बदलायला दिलं होतं तेव्हा असाच कागद सोबत दिला होता. त्यांनी तो वाचून सरळ तीन आणि सात क्रमांकाची घरं तपासली, आणि त्याच संध्याकाळी फोन केला.