तुमचे प्रश्न: वॉर्डात फॉर्म घेऊन आलेला तो डॉक्टर

मागच्या अंकात मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात चालणाऱ्या रिसर्चवर दोनच ओळी लिहिल्या होत्या आणि मेलबॉक्स भरून गेला. मी स्वतः अशाच हॉस्पिटलात मेडिसिन शिकवते, रोज रेसिडेंट मुलांच्या हातात ते फॉर्म बघते, त्यामुळे हे प्रश्न मला अगदी जवळचे आहेत. सगळे घेता आले नाहीत, पाच घेतलेत.

प्रश्न: वडिलांना हार्ट अटॅक आला, आयसीयूत होते. दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर फॉर्म घेऊन आला, म्हणाला ट्रायलमध्ये घ्यायचंय, दोनपैकी कुठलं औषध मिळेल ते कॉम्प्युटर ठरवणार. आम्ही घाबरून नाही म्हणालो. वडिलांवर प्रयोग करायला निघाले होते का? आणि नाही म्हटल्याचा राग ट्रीटमेंटवर निघाला असेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते कारण तोच मनात टोचत असणार. नाही म्हणणं हा तुमचा हक्क आहे आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारात तसूभरही फरक पडता कामा नये. हे त्या फॉर्मवरच लिहिलेलं असतं, एथिक्स कमिटी, म्हणजे रिसर्चमध्ये पेशंटचं हित बघणारी समिती, ते वाक्य असल्याशिवाय फॉर्म पास करत नाही. कुठे फरक पडल्यासारखा वाटला तर त्या कमिटीचा फोन नंबरही फॉर्मवर असतो, तो लोक बघतच नाहीत, बघा.

आता प्रयोगाचं. आपल्याला वाटतं की ट्रायलमध्ये, म्हणजे उपचार पेशंटवर पडताळून बघणाऱ्या अभ्यासात, गेलो तर प्रयोग आणि बाहेर राहिलो तर पक्कं औषध. तसं नेहमी नसतं हो. हार्टचंच उदाहरण घ्या. अटॅकनंतर काही पेशंटच्या ईसीजीवर जास्तीचे ठोके दिसतात आणि असे ठोके असणाऱ्यांना अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो हे माहीत होतं, म्हणून ठोके दाबणारी औषधं सर्रास दिली जायची, एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही त्यातली दोन. ठोके कमी व्हायचे, ईसीजी छान दिसायचा, डॉक्टर खूश आणि नातेवाईकही खूश. मग कास्ट नावाची ट्रायल झाली, निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. 1989 मध्ये या दोन औषधांचा भाग मध्येच थांबवावा लागला. जवळपास 1,500 पेशंटमध्ये औषधवाल्यांपैकी 63 गेले आणि प्लासिबोवाल्यांपैकी 26. ईसीजी सुधारत होता आणि माणसं जात होती, आणि ट्रायलच्या बाहेर हीच औषधं डॉक्टर चांगल्या मनाने लिहून देत होते, तिथे कोण किती गेले याचा हिशोब कुणी ठेवलाच नव्हता.

मी रेसिडेंट होते तेव्हा कॅज्युअल्टीत डोक्याला जबर मार लागलेले पेशंट यायचे आणि आम्ही त्यांना स्टेरॉइड सुरू करायचो. मेंदूची सूज उतरेल असा विचार, पुस्तकात होतं, सीनियर करायचे म्हणून आम्हीही करायचो, मला कधी शंकासुद्धा आली नाही. 2004 मध्ये क्रॅश ट्रायलचा निकाल आला. 49 देशांतले 10,008 पेशंट, आणि दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी 21 टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी 18 टक्के. तीन टक्के म्हणजे किती माणसं, मी तो पेपर वाचून किती तरी वेळ नुसती बसून होते. त्या रात्रींमधले काही चेहरे मला अजून आठवतात. म्हणून मला कुणी विचारलं की ट्रायल म्हणजे प्रयोग का, तर मी म्हणते हो, पण उघडपणे केलेला, लिहून ठेवलेला आणि तुमची परवानगी घेतलेला.

तरीही तुमचं नाही चूक नव्हतं. आयसीयूच्या दारात, घाबरलेल्या घरच्यांना पाच मिनिटांत फॉर्म समजावणं हीच मुळात अवघड गोष्ट आहे. पुढे कधी अशी वेळ आलीच तर तीन गोष्टी विचारा, ट्रायलमध्ये नसतो तर मला काय दिलं असतं, त्यापेक्षा जास्तीचं माझ्या शरीराला काय सोसावं लागेल, आणि काही बिघडलं तर जबाबदारी कुणाची. ज्याला हे साध्या भाषेत सांगता येत नाही त्याला थांबायला सांगा आणि सीनियरला बोलवा म्हणा.

प्रश्न: पण कॉम्प्युटरने का ठरवायचं? वीस-वीस वर्षं अनुभव असलेला डॉक्टर कशासाठी असतो मग?

अनुभवाचा आदर ठेवूनच सांगते, दोन औषधांची तुलना करताना हाच अनुभव घात करतो. डॉक्टरला नवीन औषधावर विश्वास असेल तर तो नकळत बऱ्या होण्यासारख्या पेशंटना ते देईल, किंवा उलट, दया येऊन सगळ्यात गंभीर पेशंटना देईल, आणि मग शेवटी जो फरक दिसेल तो औषधाचा की पेशंटचा हे देवालाच माहीत. म्हणून नाणेफेक, आणि ती कॉम्प्युटर करतो. ब्रिटनमध्ये 1948 साली टीबीवरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ट्रायलचा निकाल छापून आला, त्यात कुणाला औषध मिळणार ते बंद पाकिटात होतं, पेशंट ट्रायलमध्ये घेईपर्यंत डॉक्टरलाही कळायचं नाही. तेव्हा औषध इतकं कमी होतं की सगळ्यांना पुरणारच नव्हतं. 107 पेशंट, सहा महिन्यांत नुसत्या बेडरेस्टवाल्या 52 पैकी 14 गेले, औषधवाल्या 55 पैकी 4. आणि त्याच ट्रायलमध्ये हेही कळलं की एकटं स्ट्रेप्टोमायसिन दिलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात. नुसत्या अनुभवावर गेलो असतो तर पहिले काही महिने बघून आपण टाळ्या वाजवल्या असत्या.

एक अट मात्र आहे आणि ती मोडली तर ट्रायल अनैतिक होते. दोन्हींपैकी चांगलं कुठलं हे खरोखर माहीत नसलं पाहिजे. माहीत असेल तर नाणं उडवायचा कुणालाच अधिकार नाही.

प्रश्न: एकदा सही केली की मध्ये बाहेर पडता येतं का?

हो, कधीही, कारण न देता. फक्त औषध एकदम बंद करू नका, आधी त्यांना सांगा, काही औषधं हळूहळू कमी करावी लागतात.

प्रश्न: माझं बाळ सातव्या महिन्यात जन्मलं. ऑक्सिजनवर असताना बालरोग विभागाचा एक स्टडी आणि डोळ्यांच्या विभागाचा दुसरा. एवढ्याशा जिवावर दोन-दोन विभाग कशाला?

तुमचा जीव किती तुटत असेल ते समजतंय. पण हा प्रश्न वाचून मला बरं वाटलं, कारण इथे दोन विभाग एकत्र नसतील तरच मला काळजी वाटेल. कसं ते सांगते.

1940 च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना भरपूर ऑक्सिजन द्यायची पद्धत पडली, श्वास सुधारायचा, बाळ गुलाबी दिसायचं. आणि त्याच सुमारास बाळं आंधळी होऊ लागली, जगभरात जवळपास 10,000. कारण शोधायला वर्षं गेली, पन्नाशीच्या दशकात ट्रायल झाली तेव्हा नक्की झालं की अति ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात. मग सगळ्यांनी ऑक्सिजनला कात्री लावली, आंधळेपणा कमी झाला, पण आता काही बाळं श्वासावाचून जाऊ लागली. म्हणजे किती द्यायचा हा प्रश्न तिथेच राहिला.

2010 मध्ये सपोर्ट ट्रायलचा निकाल आला, 1,316 बाळं, निम्म्यांचं ऑक्सिजन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, 85 ते 89 टक्के ठेवलं आणि निम्म्यांचं 91 ते 95. कमी ऑक्सिजनवाल्या गटात जी बाळं वाचली त्यांच्यात डोळ्यांचा गंभीर आजार निम्म्याहून कमी, 8.6 टक्के, दुसरीकडे 17.9. नुसत्या डोळ्यांच्या विभागाने हा स्टडी केला असता तर पेढे वाटले असते. पण त्याच गटात मृत्यू जास्त होते, 19.9 टक्के विरुद्ध 16.2. आता सांगा, फक्त डोळे मोजून चाललं असतं का?

आणि या ट्रायलची दुसरी बाजूही आईबापांना माहीत असायला हवी असं मला वाटतं. 2013 मध्ये अमेरिकेतल्या देखरेख करणाऱ्या सरकारी ऑफिसने आक्षेप घेतला की कन्सेंट फॉर्ममध्ये मृत्यू आणि अंधत्वाचा धोका नीट सांगितलाच नव्हता. त्यावर डॉक्टरांमध्ये मोठा वाद झाला, बऱ्याच जणांचं म्हणणं की ऑक्सिजनचे दोन्ही गटांचे आकडे नेहमीच्या उपचाराच्या मर्यादेतच होते. मी आईबापांच्या बाजूने आहे. आपल्या बाळाचा ऑक्सिजनचा आकडा कोण आणि कशासाठी ठरवतंय हे त्यांना स्वच्छ शब्दांत कळायलाच हवं होतं. तुम्हीही दोन्ही विभागांना एकत्र समोर बसवून विचारा, तुमचं बाळ आहे, तो त्रास नाही. आणि घरी गेल्यावरही डोळ्यांच्या तपासणीची एकही तारीख चुकवू नका, स्टडीत असा की नसा.

प्रश्न: मी ऑर्थोचा, म्हणजे हाडांच्या विभागाचा, पीजी आहे. दोन वर्षं राबून थिसिस केला आणि दोन उपचारांत काहीच फरक निघाला नाही. गाईड म्हणतात ग्रुप पाडून बघ, वय, वजन, डावा-उजवा, कुठेतरी सिग्निफिकंट निघेल. काय करू?

अरे, नको करूस. तुझी तगमग कळते, व्हायव्हात फरक नाही असं सांगायला तोंड उघडत नाही. पण ग्रुप पाडत गेलास तर कुठेतरी काहीतरी निघणारच, वीस वेळा बघितलं की एखादं नुसत्या योगायोगाने सिग्निफिकंट, म्हणजे आकड्यांत खरा फरक असल्यासारखं, येतं. इसिस-2 ही हार्ट अटॅकवरची ट्रायल, 1988 ची, 17,187 पेशंट, अ‍ॅस्पिरिनने जीव वाचतात हे तिने पक्कं केलं. छापताना त्यांना ग्रुप पाडून आकडे द्या असं सांगितलं गेलं, तेव्हा त्यांनी मुद्दाम राशींप्रमाणेही आकडे दिले. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनने फायदा नाही, उलट थोडं नुकसानच, असं त्यात निघालं! सतरा हजारांत हे होतं तर तुझ्या साठ-सत्तर पेशंटमध्ये काय होईल विचार कर.

आणि फरक नाही हे उत्तर कमी दर्जाचं कुणी ठरवलं? तू ऑर्थोचा आहेस म्हणून तुझ्याच विषयातलं सांगते. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून साफ करायचं ऑपरेशन लाखो लोकांवर व्हायचं. 2002 मध्ये 180 पेशंटची ट्रायल आली, काहींना साफसफाई, काहींचा गुडघा नुसता धुतला आणि काहींना फक्त त्वचेवर छेद, आत काहीच नाही. दोन वर्षांनी दुखणं तिन्हीकडे सारखंच. त्या पेशंटनी आधी स्वतःच्या हाताने केसपेपरवर लिहून दिलं होतं की मला कदाचित खोटं ऑपरेशन मिळेल हे मला कळलंय. 324 पात्र पेशंटपैकी 144 नाही म्हणाले आणि त्यांना कुणी अडवलं नाही. फरक नाही, एवढंच त्या पेपरचं म्हणणं, आणि त्यावर जगभर वाद पेटला.

तुझ्या थिसिसचा आवाका लहान आहे, त्यातून उपचार सारखेच आहेत असं सिद्ध होत नाही, आणि तेही तू लिहायचंस. सुरुवातीला प्रोटोकॉलमध्ये जे मोजायचं ठरवलं होतंस तेच मुख्य म्हणून दे, सॅम्पल साइझ, म्हणजे किती पेशंट घ्यायचे ते, कशी काढली ते दे, किती पेशंट फॉलो-अपला आलेच नाहीत ते लपवू नकोस. ग्रुप पाडून बघितलेसच तर ते नंतर सुचलं असं स्पष्ट लिही. गाईडशी भांडायची गरज नाही, बायोस्टॅटिस्टिक्सच्या सरांना घेऊन त्यांच्याकडे जा, आकड्यांचं त्यांनी सांगितलं की बऱ्याचदा गाईड ऐकतात. आणि पेपर पाठव रे. तुझ्या पेशंटनी फॉर्मवर सही केली, दुखऱ्या पायांनी चार-चार वेळा फॉलो-अपला आले, ते तुझ्या कपाटात पडून राहण्यासाठी नाही. नाकारला तर दुसरीकडे पाठव, आणि मग मला कळव.