दुर्बिणीसाठी घरी घडवलेल्या आरशाची कड फुको चाचणीत (आरशावरून परतलेला दिव्याचा प्रकाश ब्लेडने अडवून पृष्ठभागाचा आकार पाहण्याच्या पद्धतीत) खचलेली दिसते. पुन्हा कार्बोरंडमपासून (काच घासण्याच्या खरखरीत भुकटीपासून) सुरुवात करावी का?

आपला आरसा १५० मिमी व्यासाचा, एफ/८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट), पॉलिश पूर्ण झालेला आहे असे आपण लिहिले आहे. कार्बोरंडमकडे परत जाण्याची गरज नाही. मात्र कड खरोखर खचली आहे का, याची आधी खात्री करावी.

पॉलिश थांबवल्याबरोबर घेतलेल्या चाचणीवर विसंबू नये, कारण हाताच्या उबेने आणि घर्षणाने काच फुगलेली असते. एकदा मुद्दाम करून पाहा: निवलेल्या आरशावर अंगठा दहा सेकंद टेकवा आणि लगेच ब्लेडमागून बघा. तिथे चक्क टेकडी उठलेली दिसेल व काही मिनिटांत विरून जाईल. माझ्या पहिल्या आरशात रात्री दिसलेला मधला उंचवटा मी त्याच बैठकीत घासून काढला, आणि सकाळी काच निवल्यावर तिथे खड्डा होता. तेव्हापासून मी आरसा पंखा बंद ठेवून रात्रभर स्टँडवर तसाच राहू देतो.

त्यानंतर ब्लेड डावीकडून सरकवत कडेची बारीक उजळ रेघ न्याहाळा. ती दोन्ही बाजूंना सारखी असेल तर कड चांगली आहे. डावीकडची नाहीशी होऊन उजवीकडचीच ठळक राहत असेल, तर कड खचलेली आहे. दोष काठालगतच्या एक-दोन मिलिमीटरपुरताच असेल, तर तेवढा भाग काळ्या कड्याने झाकला तरी चालते. पट्टा रुंद असेल, तर बहुधा पिच (पॉलिशच्या तबकडीवरचा डांबरासारखा थर) मऊ पडले असावे (आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हे हमखास होते) किंवा हात (आरसा पुढे-मागे सरकवण्याचा फेरा) फार लांब फिरला असावा. थोडे कडक पिच घ्या, लॅप (पिच लावलेली ती तबकडी) आरशाखाली नीट दाबून बसवा, आणि व्यासाच्या एक तृतीयांश लांबीचे, मध्यावरून जाणारे सरळ हात हलक्या दाबाने चालवा. वेळ लागतो, पण कड परत येते.

अन्वस्त (पॅराबोलिक) आकार त्यानंतर द्यावा, आधी निर्दोष गोल मिळू द्यावा. आपल्या आरशात मध्यापाशी जुळवलेल्या गोल आणि अन्वस्त यांच्यात काठाशी जेमतेम ०.२९ मायक्रॉनचा फरक आहे, म्हणून डब्ल्यू अक्षरासारख्या फिरवलेल्या लांब हातांची काही मिनिटेच पुरतात आणि दर खेपेस काच निववूनच मापे घ्यावीत. वक्रता त्रिज्या २४०० मिमी असल्याने, दिवा स्थिर ठेवल्यास मध्य आणि काठ यांच्या ब्लेडस्थानांत (ब्लेड जिथे असताना तो भाग एकसारखा काळवंडतो त्या जागांत) २.३४ मिमी अंतर यायला हवे. दिवा ब्लेडसोबत सरकत असेल, तर त्याच्या निम्मे, १.१७ मिमी. आपल्या स्टँडची रचना यांपैकी कोणती आहे ते आधी पाहून घ्या, नाहीतर आरसा दुप्पट खोल घासला जाईल.