केसपेपर आणि संदर्भ एकाच पडद्यावर

प्रिय डॉक्टर,

रुग्णालयात नोंदींचं सॉफ्टवेअर बसतंय आणि त्या कामात तुला घेतलंय, हे वाचून फार बरं वाटलं. एकच मागणी लावून धर: औषधोपचारांचे संदर्भ रुग्णाच्या नोंदीतूनच उघडले पाहिजेत. त्यासाठी वेगळं लॉगिन करावं लागलं, तर रात्रपाळीत ते कुणी उघडत नाही.

भातलावणीचे दिवस आठव. चिखलात राबलेली बाई येते; ताप, लाल डोळे, पोटऱ्यांत ठणका. लेप्टोचा, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा संशय, हात डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाकडे जातो. गरोदरपणात ते टाळायचं असतं. पण ती गरोदर आहे हे माता-बाल कार्डावर, क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आहे, हे लॅबच्या रजिस्टरात आणि बाहेर डायक्लोफेनॅक या मूत्रपिंडाला अपाय करू शकणाऱ्या वेदनाशामकाचं इंजेक्शन घेतलंय हे फक्त सासूला ठाऊक. पुस्तकाला यातलं काहीच दिसत नाही. शोधताना नोंदीतलं गरोदरपण आपोआप सोबत गेलं, तर पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोनचा पर्याय आधी समोर येईल. डॉ. जेम्स सिमिनो यांनी कोलंबिया विद्यापीठात 'इन्फोबटन', म्हणजे नोंदीतली माहिती घेऊन नेमका संदर्भ उघडणारं बटण, याच विचारातून घडवलं. आता त्याचं एचएल-सेव्हन या आरोग्यनोंदींची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक आहे. ते पाळता का, असं कंपनीला थेट विचार. सासूकडून कळलेलं लिहायलाही नोंदीत जागा हवी. ती बहुतेक विसरली जाते.

संदर्भ शोधताना नोंदीतली माहिती रुग्णालयाबाहेर जाते, तेव्हा मात्र वय, लिंग, निदान, गरोदरपण एवढंच जाऊ दे. नाव, गाव, आभा हा सरकारी आरोग्य-ओळख क्रमांक अजिबात नको. आपल्या वाड्यांत एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

संदर्भ कुणाचे, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध देण्याचं ज्ञान महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामातून आलं. १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्या मातीतलं हे शिक्षण सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या आयत्या परदेशी संदर्भसंचात नीट उतरलंय का, हे स्वतः बघ. डेमोला बसशील तेव्हा लाल विंचू, घोणस आणि दोडामार्गचा गोचिडींतून पसरणारा माकडताप शोधून दाखवायला सांग. उत्तर तोकडं निघालं तर आपल्या उपचारपद्धती त्यात घालता येतील, असं लेखी घे.

पावसात लाईट आणि नेट दोन्ही जातात, तेव्हा दंशाची आणि तापाची पानं रुग्णालयातल्याच संगणकावर हवीत. डेमोला वॉर्डातल्या सिस्टरना सोबत ने. बाहेर कुठली औषधं घेतली, ही चौकशी त्याच करतात.