जुन्या मासिकांतल्या गोष्टी आज पाल्हाळिक वाटतात, मग तेव्हा लोक त्यांची वाट का पाहत?

तुमचा प्रश्न असा: इंग्रजी अमदानीतल्या मराठी मासिकांतल्या गोष्टी वाचायला घेतल्या, पण दहा पानांत दम लागला, मग त्या काळी त्या एवढ्या लोकप्रिय कशा होत्या, आणि सुरुवात कुठून करावी? मला वाटतं, तुम्ही त्या मनातल्या मनात वाचल्यात. त्या मोठ्याने वाचून बघा. बहुतेक गोष्टी चार माणसांत वाचल्या जातील हे धरूनच लिहिलेल्या असाव्यात, असं माझं पक्कं मत आहे. ते मत पुस्तकातून आलेलं नाही, आजीकडून आलंय.

मी अमळनेरचा. आजीला आम्ही मोठी माय म्हणायचो. तिचे वडील बोरी नदीकाठच्या एका गावात मराठी शाळेत मास्तर होते. त्यांच्याकडे ‘मनोरंजन’ मासिक यायचं, पण वर्गणी त्यांची नव्हती. अमळनेरात एका वकिलांकडे अंक पोस्टाने येई. त्यांच्या घरी वाचून झाला की तो दुसऱ्या एका मास्तरांकडे जाई, आणि तिथून महिना-दीड महिन्याने कुणाच्या तरी बैलगाडीतून यांच्याकडे. संध्याकाळी ओट्यावर कंदील लावून ते वाचायचे. पुरुष ओट्यावर बसत, बाया दाराच्या आत, हातात फोडायच्या शेंगा. गाव अहिराणी बोलणारं आणि मासिकातली मराठी पुण्या-मुंबईची. म्हणून मास्तर आधी छापलेलं वाचत आणि कुणाला अडलं की अहिराणीत सांगत. पान उलटायला जरा वेळ लागला की दाराआडून विचारणा होई, “मंग काय व्हयनं?” साठ वर्षांनी ही आठवण सांगताना मोठी माय त्या बायांचे आवाजसुद्धा काढून दाखवायची.

हे चित्र डोळ्यांपुढे ठेवून त्या गोष्टी पुन्हा उघडा. लेखक मध्येच थांबून वाचकांना हाक मारतो. कोण कुणाचा मेहुणा, कुठल्या गावचा, वय काय, अंगावर काय, हे सगळं सांगतो आणि तीन पानांनी पुन्हा एकदा सांगतो. कागदावर हा पाल्हाळ वाटतो. पण ओट्यावरचा एक माणूस बैलांना वैरण टाकायला उठून गेलेला आहे, आतली एक बाई रडणाऱ्या पोराला घेऊन परसात गेली आहे. ती दोघं परत आली की त्यांना धागा सापडायला हवा. ऐकणाऱ्यांसाठी ही पुनरुक्ती सोय होती.

थोडा इतिहास सांगतो. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं. ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी त्यातच क्रमशः येत होती. तिच्या जोडीला ते लहान गोष्टी लिहीत, त्या पुढे ‘स्फुट गोष्टी’ या नावाने एकत्र छापल्या गेल्या. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ च्या जानेवारीत मुंबईत ‘मनोरंजन’ सुरू केलं. मित्र हे मूळचे आजगावकर, बंगालीच्या प्रेमापोटी त्यांनी आडनावही बंगाली घेतलं. मराठीतला पहिला दिवाळी अंक त्यांनीच १९०९ मध्ये काढला. ‘मनोरंजन’च्या गोष्टींना वाचकांच्या गळ्यातला ताईत केलं ते वि. सी. गुर्जरांनी. तेही बंगाली जाणत, आणि त्यांच्या कितीतरी गोष्टींचं बीज बंगालीतून आलेलं आहे. ‘एकच प्याला’ची पदं लिहिणारे गुर्जर ते हेच.

अशा गोष्टींना ‘संपूर्ण गोष्ट’ म्हणत. एका अंकात सुरू, त्याच अंकात पूर्ण. आज हा शब्द चमत्कारिक वाटतो, कारण गोष्ट संपूर्णच असणार, अर्धी कशी असेल? पण आमच्या मास्तरांच्या बाजूने बघा. अंक हातोहात फिरत येणार. एखादा वाटेत कुणी ठेवून घेणार, एखादा येणारच नाही. क्रमशः कादंबरीचं सातवं प्रकरण मिळालं आणि आठवं गहाळ झालं, तर ओट्यावरच्या मंडळींना काय सांगायचं? वर्गणीदाराला कादंबरी परवडत होती. ज्याला सुटा अंक मिळे त्याचा आधार संपूर्ण गोष्ट. आमच्या खानदेशासारख्या आडबाजूच्या मुलखात गोष्ट लोकप्रिय होण्याचं एक मोठं कारण मला हेच दिसतं.

एकदा तर एका गोष्टीचं शेवटचं पानच फाटून गेलेलं होतं. मास्तरांनी मनाने शेवट केला, नायिका विहीर जवळ करते असा. दुसऱ्या दिवशी बायांनी त्यांच्या बायकोमार्फत निरोप धाडला की हा शेवट चालायचा नाही. मास्तरांनी त्या रात्री पुन्हा वाचायला बसून पोरीला माहेरी सुखरूप पोचवलं. खरा शेवट काय होता कोण जाणे. मोठ्या मायला गोष्टीचं नावही आठवत नव्हतं, नाहीतर मी ती शोधून काढली असती.

बाया एवढ्या जीव लावून ऐकत, कारण विषय त्यांचाच होता. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, मुलीशी, ती बायको असली तरी, शरीरसंबंधासाठीचं तिचं किमान वय दहावरून बारावर गेलं. वर्तमानपत्रांत आणि सभांत त्यावर केवढं रण माजलं! त्या सभांत या बायांना जागा नव्हती. पण तोच वाद गोष्टीत शिरून एखाद्या बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडून त्यांच्या दारापर्यंत आला. बिजवराशी लग्न, विधवेचं केशवपन, नवऱ्याकडून चोरून शिकलेली अक्षरं. सासू-सून एकाच भिंतीला टेकून हे ऐकत असतील तेव्हा आत काय होत असेल, हा विचार मला अजूनही सोडत नाही. पुढे बायका स्वतः लिहित्या झाल्या. काशीबाई कानिटकर, आनंदीबाई शिर्के, आणि आमच्या जळगावात राहून भगिनी मंडळ उभं करणाऱ्या, ‘पुरुषांचे बंड’ हे नाटक लिहिणाऱ्या गिरिजाबाई केळकर.

एक उणीव मात्र मला फार लागते. या गोष्टींत शिकलेली पांढरपेशी घरं भरपूर आहेत, कापूस वेचणारी बाई जवळजवळ नाही. ‘मनोरंजन’ भरात होतं त्याच वर्षांत इथे आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी जात्यावर आणि शेतात गाणी रचत होत्या. ती गाणी पुस्तकात आली १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. छपाईचा रस्ता शहरातून गावाकडे आला, गावातून शहराकडे जायला त्याला अर्धं शतक लागलं.

म्हणून सुरुवात आपट्यांच्या ‘काळ तर मोठा कठीण आला’पासून करा. दुष्काळात सापडलेल्या कुटुंबाची गोष्ट आहे, आणि खानदेशात छप्पनच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० च्या) दुकाळाच्या आठवणी ऐकत वाढलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही. घरात कुणाला तरी समोर बसवून वाचा. मी आईला वाचून दाखवली होती, उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचं काम चालू असताना. मग गुर्जरांच्या दोन-तीन. त्यांतले योगायोग सहन करा, मोठ्याने वाचताना ते खटकत नाहीत. त्यानंतर दिवाकर कृष्णांची ‘अंगणातला पोपट’ घ्या. ती १९२२ ची आहे, आणि ती मात्र एकट्याने, मनातल्या मनात वाचा. चार माणसांत ती वाचताना माझा आवाज अडला होता. गोष्ट ओट्यावरून उठून एकट्या वाचकाच्या खोलीत गेली, ते तिथे कळतं.

संग्रह मिळतील, पण जमलं तर जुन्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन मासिकाची बांधीव फाइल मागा. अमुकच वर्षाची हवी असा हट्ट धरू नका, जी निघेल ती घ्या. गोष्टीच्या मागेपुढे कविता, पाककृती, केसांच्या तेलाच्या जाहिराती असतात, त्याही वाचा. त्या शेजारातच ती गोष्ट घरात शिरत होती. पानं फार ठिसूळ झालेली असतात. कोपरा धरून उलटू नका, खालून तळहात सरकवून उलटा, आणि तिथे पंखा असेल तर तो बंद करायला सांगा.