वाचकांचे प्रश्न : वॉचडॉग लावूनही कंट्रोलर अडकतो

प्रश्न : विहिरीवरच्या ५ एचपी थ्री-फेज मोटरसाठी अर्डुइनो नॅनो, सिम ८००एल (मोबाइल मोडेम) आणि रिले वापरून मोबाइलवर चालणारा कंट्रोलर केला आहे. आठवड्यातून एखाद्या वेळी, बहुधा मोटर बंद होताना, तो अडकून बसतो. वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की चिप रिसेट करणारा टायमर) ८ सेकंदांवर लावला, तरी फरक नाही. चूक कुठे? (एक वाचक, निफाड)

उत्तर : सर्वांत आधी कोडमध्ये पाहा, वॉचडॉग रिसेट करणारी, म्हणजे त्याची मोजणी पुन्हा शून्यावर आणणारी, ओळ किती ठिकाणी आहे आणि कुठे आहे. नॅनोवरच्या एटीमेगा ३२८पी चिपमधला वॉचडॉग १२८ किलोहर्ट्झच्या स्वतंत्र ऑसिलेटरवर चालतो. मुख्य क्रिस्टल बंद पडला तरी तो मोजत राहतो. पण प्रोग्राम जिवंत आहे की नाही, हे त्याला फक्त त्या एका ओळीवरून कळते. ती ओळ टायमर इंटरप्टमध्ये (ठरावीक वेळाने मुख्य काम मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) असेल, तर मुख्य लूप गोठल्यावरही इंटरप्ट चालूच राहतो आणि वॉचडॉगला सगळे आलबेल वाटते. मोडेमच्या ‘ओके’ची वाट पाहणाऱ्या लूपमध्ये असेल, तर मोडेम मेल्यावर तुम्ही जन्मभर वाट पाहता.

मोडेमशी बोलणे, फेज आणि करंट वाचणे, रिलेची स्थिती ठरवणे, अशा प्रत्येक कामाला एक फ्लॅग (काम झाल्याची खूण) द्या. काम पुरे झाले की त्याने आपला फ्लॅग लावायचा. लूपच्या शेवटी, एकाच ठिकाणी, तिन्ही फ्लॅग लागलेले असतील तरच वॉचडॉग रिसेट करायचा आणि फ्लॅग पुसायचे. नेटवर्क मिळायला मोडेमला ८ सेकंदांहून जास्त लागतात, म्हणून तिथे थांबून राहू नका. वेळ नोंदवा, पुढे जा, पुढच्या फेरीत पुन्हा विचारा. ८ सेकंद ही या चिपची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे १० सेकंदांचा एक साधा डिलेसुद्धा रिसेट घडवतो.

दुसरी शक्यता बूटलोडरची (चिप सुरू होताच तुमच्या प्रोग्रामच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामची), आणि नॅनोत ती फार आढळते. वॉचडॉगने रिसेट केल्यावर वॉचडॉग बंद होत नाही; तो १६ मिलिसेकंदांच्या सर्वांत छोट्या मुदतीवर चालूच राहतो. जुना बूटलोडर त्याला बंद करत नाही, त्यामुळे तुमचा प्रोग्राम सुरू होण्याआधीच पुन्हा रिसेट, पुन्हा रिसेट. बोर्डावरचा एलईडी भराभर लुकलुकतो आणि सप्लाय काढल्याशिवाय सुटका नसते. बाहेरून हे ‘अडकणे’च दिसते. उपाय : आयएसपी प्रोग्रामरने (चिपमध्ये थेट कोड भरणाऱ्या साधनाने; दुसरा अर्डुइनो उनो असला तरी चालतो) ऑप्टिबूट हा नवा बूटलोडर चढवा. बूटलोडरच नसेल, तर प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला आधी एमसीयूएसआर रजिस्टरमधला (रिसेटचे कारण नोंदवणारा) डब्ल्यूडीआरएफ बिट पुसा, मग वॉचडॉग बंद करा. क्रम उलटा केला तर तो बंद होत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे रिसेट फक्त चिपचा होतो, बोर्डाचा नाही. सिम ८००एलला स्वतःचा प्रोसेसर आहे. तो गोठला असेल तर त्याची रिसेट पिन खाली ओढावी लागते किंवा मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) त्याचा सप्लाय तोडावा लागतो. आय-टू-सी (दोन तारांवर बोलणारा) सेन्सर एसडीए ही डेटाची लाइन खाली धरून बसला असेल, तर सुरुवातीलाच एससीएल या क्लॉकच्या लाइनवर ९ पल्स देऊन ती सोडवा.

मूळ दुखणेही सोडू नका. मोटर बंद होतानाच अडकते, म्हणजे कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधल्या, मोटरचा सप्लाय जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलचा झटका आत येतो आहे. कॉइलच्या दोन टोकांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये जोडा. स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची असेल तर २७५ व्होल्ट एसीचा कपॅसिटर चालणार नाही. ४४० व्होल्ट एसीचा एक्स१ प्रकारचा घ्या, आणि मेन स्विच काढूनच काम करा. सिम ८००एल सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो, म्हणून त्याला नॅनोवरून सप्लाय देऊ नका. वेगळा ४ व्होल्टचा सप्लाय आणि मॉड्यूलला चिकटून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच.

प्रश्न : रिसेटनंतर मोटर आपोआप सुरू झाली तर? (एक वाचक, सांगोला)

उत्तर : ही भीती रास्त आहे. रिसेट होताच सगळ्या पिना इनपुट होतात, म्हणून ट्रान्झिस्टरच्या बेसवरून ग्राउंडला १० किलोओहम लावा. लो सिग्नलवर ओढणारे रिले मॉड्यूल असेल तर तोच रेझिस्टर ५ व्होल्टला जोडा, आणि कोडमध्ये पिन आधी हाय करून मगच आउटपुट करा. सुरुवातीला २ मिनिटे मोटर बंद ठेवा. लागोपाठ स्टार्टने वाइंडिंग तापते. प्रत्येक वॉचडॉग रिसेटला ईईप्रॉममध्ये (सप्लाय गेला तरी नोंद राखणाऱ्या मेमरीत) आकडा वाढवा, सलग तासभर नीट चालले की शून्य करा. आकडा ३ झाला की मोटर बंदच ठेवून एसएमएस पाठवा. ईईप्रॉमचे आयुष्य १ लाख वेळा लिहिण्याचे आहे, तेव्हा दर फेरीला लिहू नका.

प्रश्न : बाहेरची वॉचडॉग चिप लावावी का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मोटरसाठी लावावी, असे आमचे मत. मॅक्स ७०६ स्वस्त नसली तरी ती सप्लाय ४.४ व्होल्टच्या खाली गेल्यावरही रिसेट देते. तिची मुदत साधारण १.६ सेकंद, पण चिपागणिक ती १ सेकंदही भरू शकते; दर अर्ध्या सेकंदाला डब्ल्यूडीआय (वॉचडॉग इनपुट) पिन हाय-लो अशी बदलत ठेवा. डब्ल्यूडीओ (वॉचडॉग आउटपुट) पिन एमआरला (मॅन्युअल रिसेट पिनला) जोडायला विसरलात तर मुदत संपूनही रिसेट होत नाही. आणि डब्ल्यूडीआय तरंगती (कशालाच न जोडलेली) राहिली की हा वॉचडॉग गप्प बसतो. बूटलोडर चालू असताना त्याचा फायदा होतो, पण प्रोग्राम ती पिन आउटपुट करण्याआधीच अडकला तर कुणीच जागे करत नाही. म्हणून ती ओळ सेटअपमध्ये पहिली लिहा आणि आतला वॉचडॉगही चालू ठेवा.

शेतात बसवण्याआधी मोटरऐवजी दिवा लावून तीन चाचण्या घ्या : बटण दाबल्यावर रिकाम्या अनंत लूपमध्ये जाणारा कोड, एसडीए वायरने ग्राउंडला टेकवणे, आणि मोडेमची टीएक्स वायर काढणे. तिन्ही वेळा दिवा विझला पाहिजे आणि ईईप्रॉममधला आकडा वाढला पाहिजे.