ते मूल अजून तुमचं नाही

प्रिय लेकी,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. परदेशातून मूल दत्तक घ्यायला निघालात त्याला तीन वर्षं झाली, वैद्यकीय दाखले दोनदा नव्याने काढले, होम स्टडीची, म्हणजे तुमच्या घराच्या पाहणीच्या अहवालाची, मुदत पुन्हा संपत आली, आणि दर रविवारी उपासना सुटली की कोणीतरी विचारतंच, "काही कळलं का?" हे सगळं आम्हीही सोसलंय. मी तर तान्ह्या बाळाचे कपडे आणून ठेवले होते. मूल घरी आलं ते पाच वर्षांचं. तू आणू नकोस.

पण तुझं एक वाक्य खटकलं. "आमचं बाळ तिकडे अडकून पडलंय." लेकी, ते अजून तुमचं नाही. कठोर वाटेल, पण तेवढ्यासाठीच लिहायला बसले.

दोन देशांमधल्या दत्तकासाठी 1993 चा हेग करार आहे. त्यात म्हटलंय की मुलाला आधी त्याच्याच देशात घर मिळतं का ते पाहायचं, आणि जन्मदात्यांनी संमती दिली असेल तर ती कुणाच्या दबावाखाली किंवा पैशांसाठी दिलेली नाही ना, याची खात्री करायची. म्हणजे तुमची फाइल नुसती पडून आहे असं तुला वाटतं, तेव्हा तिकडे कदाचित कोणीतरी त्या मुलाच्या आजीचा पत्ता शोधत असेल. ती सापडावी, अशी प्रार्थना तुला करता येईल का? मला पहिली दोन वर्षं जमली नाही. आजी सापडली तर आपलं मूल गेलं, एवढंच मनात यायचं. कबूल करायला आजही लाज वाटते.

घाई भल्या माणसांनाही कुठे नेते बघ. जानेवारी 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला. थोड्याच दिवसांत बाप्टिस्ट पंथाचे 10 अमेरिकी ख्रिस्ती 33 मुलांना पुरेशा कागदपत्रांशिवाय डोमिनिकन रिपब्लिकमध्ये नेताना सीमेवर पकडले गेले. मुलं अनाथ आहेत असं ते सांगत होते. पुढे कळलं, त्यातल्या अनेकांचे आईवडील जिवंत होते. तीही आपल्यासारखीच प्रार्थना करणारी माणसं.

आता जे तुम्ही दोघं टाळताय ते. दार बंदही होऊ शकतं. रशियाने 2013 पासून अमेरिकी कुटुंबांना मुलं देणं थांबवलं, इथिओपियाने 2018 मध्ये परदेशी दत्तकच बंद केलं. चीनने 2024 मध्ये, नात्यातलं दत्तक सोडून, तेच केलं आणि मूल ठरवून मिळाल्यावर कित्येक वर्षं थांबलेली कुटुंबंही तशीच राहिली. तेव्हा तसं झालं तर फाइलचं काय, भरलेल्या पैशांचं काय, हे तुमच्या दत्तक संस्थेला आजच लेखी विचारा. आणि मग काय करायचं ते नवराबायकोने शांत डोक्याने आत्ताच बोलून घ्या. त्या दिवशी बोलणं होत नाही.

"विश्वास असेल तर देव देईलच" म्हणणाऱ्यांना उलट बोलू नकोस, पण बायबलातल्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय स्वतः वाच. पौल आधी म्हणतो, दत्तकपणाचा आत्मा तुम्हांला मिळाला आहे. थोडं पुढे त्याच दत्तकपणाची वाट पाहत आपण कण्हत आहोत असंही म्हणतो. कण्हायला मुभा आहे. तारीख मात्र दिलेली नाही.

अजून एक. पुढे मूल आलंच, तर "आम्ही तुला वाचवलं" असं त्याला कधी ऐकू येऊ देऊ नकोस, मंडळीतल्या साक्षीतही नको. नदीत सापडलेला, राजकन्येने वाढवलेला टोपलीतला मोशे आपल्याला आठवतो. ती टोपली डांबर लावून बंद करणारी बाई, त्याची जन्मदाती, मला हल्लीच आठवायला लागली.

बाकी, दाखल्यांच्या तारखा एका वहीत लिही आणि तीन महिने आधीच धावपळ सुरू कर. त्या देशाची भाषा शिकायला लाग, निदान "दुखतंय का", "भूक लागली का", "शू लागली का" एवढी तरी. रविवारच्या प्रश्नासाठी आम्ही एक उत्तर ठरवलं होतं: "कळलं की पहिलं तुम्हालाच सांगू." निदान वीस जणांना तरी सांगितलं असेल. कळलं तेव्हा पहिला फोन माझ्या आईला केला.

तुझी,
मावशी